बायकांचा रकाना

फेयेटव्हिल
१ एप्रिल १९५२

आजी,

हे पत्र उघडलंस तेव्हा घरात दुसरं कोणी बसलेलं असेल, तर आधी त्यांना कॉफी पाजून वाटेला लाव, मग पुढे वाच.

युनिव्हर्सिटीत मला प्रोफेसर डनिंगच्या हाताखाली काम मिळालंय हे तुला माहीत आहे. डोंगरातल्या लोकांच्या बोलीचा कोश करतायत ते. एका शब्दाला एक कार्ड. तो कुणी म्हटला, कुठल्या साली, कुणासमोर, सगळं त्यावर लिहायचं. आणि प्रत्येक कार्डावर दोन रकाने असतात, पुरुष काय म्हणत आणि बायका काय म्हणत. या महिन्यात माझ्या वाट्याला जो शब्द आलाय तो मी इथं एकदाच लिहिते. हॉर्नी. बाईसाठी वेडापिसा झालेल्या पुरुषाला म्हणतात तो. मुळात शिंग. छापील पुस्तकांत तो जेमतेम साठ वर्षांपूर्वीचा सापडतो, पण लोकांच्या तोंडी त्याच्या कितीतरी आधीपासून असणार, असं सरांचं म्हणणं. शिंगाचा इथं संबंध काय, यावर दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, शिंगाचा आकार बघा, आणखी काय सांगायचं. दुसरा म्हणतो, शिंगवाली जनावरं माजावर येतात त्यावरून आला.

पुरुषांचा रकाना भरलाय. बायकांचा कोरा आहे. तो तसाच राहिला तर सर छापून टाकणार की डोंगरातल्या बायकांना स्वतःसाठी असा शब्दच नव्हता, म्हणजे त्यांना तशी ओढही नसावी. मला हे पटत नाही. तू हा शब्द पहिल्यांदा कधी ऐकलास? बायका आपल्या आपल्यात काय म्हणत?

आईला यातलं काही कळवू नकोस. तल्सात बसून ती मला कॉलेजातून काढेल.

तुझी,
मर्लीन

•

स्लेट क्रीक
८ एप्रिल १९५२

माझ्या मर्ली पोरी,

तुझं पत्र मी कोंबड्यांच्या खुराड्यात बसून वाचलं. दोनदा वाचलं. मग परत एकदा, कारण माझी शाळा तीन हिवाळ्यांची, मोठे शब्द मला दोन घासांत खावे लागतात. हसता हसता माझ्या मांडीवरची अंडी घरंगळली, दोन फुटली. आता पत्र मक्याच्या पिठाच्या डब्यात तळाशी आहे. तिथं आमचा धर्मोपदेशक ब्रदर कॉय हात घालणार नाही, बाकी सगळीकडे घालतो, मागच्या रविवारी लोणच्याची बरणी उघडून बघत होता.

तर तुझा तो शब्द. मी तो लिहिणार नाही, पेन्सिल लाजेल. पोरी, आमच्या लहानपणी नुसतं शिंग म्हणायची चोरी होती. शिकारी जे शिंग फुंकून कुत्री बोलावतात त्याला आई फुंकणी म्हणायची. गायीला डोक्यावर काय आहे असं कुणी विचारलं तर आम्ही मुली जमिनीकडे बघायचो. आणि गायींचा जो नवरा, त्याचं तर नावच नाही. गायींचे गृहस्थ म्हणायचं. गृहस्थ कुंपण मोडून आले. गृहस्थ आज रागावलेत.

मी बारा वर्षांची असताना, म्हणजे चौऱ्याण्णव साली, काकवीच्या चरकावर एक माणूस आपल्या भावाबद्दल बोलत होता. भाऊ एका विधवेच्या घराची वाट झिजवत होता. त्याला त्यानं तो शब्द लावला. मी घरी येऊन आईला विचारलं, तर तिनं कपडे धुवायच्या साबणानं माझं तोंड धुतलं. म्हणून साल पक्कं आठवतं. लिही कार्डावर. साबणाची चवही लिहायची असली तर सांग.

आता कालची गंमत ऐक. माझी गाय पॅन्सी सकाळपासून कुंपणाशी उभी राहून हंबरत होती. दूध चोरते, चारा हुंगते आणि सोडते. तुझे आजोबा होते तेव्हा ते तिला न्यायचे, त्यांच्या मागे शेजारचा व्हेस्टर न्यायचा. व्हेस्टर गेला कॅलिफोर्नियाला. बाईनं अशी गाय स्वतः न्यायची नसते, हे तुला सांगायला नको. निरोपही द्यायचा नसतो. पण ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मी दावं धरलं आणि निघाले. ओढा ओलांडून दोन मैल, मिस्टर प्रुइटांकडे. त्यांच्याकडे दोन गृहस्थ आहेत. त्यांना बायको जाऊन सहा वर्षं झाली, खुर्च्यांना हिकरी झाडाच्या सालीच्या बैठका विणतात, चर्चला येत नाहीत. ते मला बघून इतके लाजले की टोपी काढायच्या ऐवजी परत घातली. मग म्हणाले, बाईसाहेब, तुम्ही स्वयंपाकघरात बसा आणि पडदा ओढा.

मी बसले. पडदा ओढला. भिंतीकडे तोंड करून किती वेळ बसणार? त्यांची भांडी बघवत नव्हती, ती घासून टाकली. ते परत आले आणि म्हणाले, तुमची गाय समजूतदार आहे. बस, एवढंच बोलणं.

घरी येईपर्यंत माझे पाय ओढ्याच्या पाण्यानं गार आणि बाकीची मी गरम. वयाचं काहीतरी असेल.

आजी

•

फेयेटव्हिल
१५ एप्रिल

आजी,

चरकाची गोष्ट सरांनी वर्गात वाचून दाखवली. साल मिळालं म्हणून ते टेबलाभोवती फिरत होते. पण तू अर्धंच उत्तर दिलंस. तो शब्द पुरुष पुरुषाबद्दल बोलला. बायकांचा रकाना अजून कोराच आहे.

आणि तू गाय घेऊन गेलीस, हे कुणी पाहिलं का? ओढ्याच्या उतारावर चर्चच्या डीकनचं, ऑर्व्हल हॅचचं घर आहे ना? जपून. आई प्रत्येक पत्रात लिहिते की आजीला एकटीला झेपत नाही, हिवाळ्याआधी गाय विकून तिला तल्साला आणायचं. मी तुझ्याच बाजूनं आहे, पण तू तिच्या हाती कारण देऊ नकोस.

मर्लीन

•

स्लेट क्रीक
२९ एप्रिल

पोरी,

पॅन्सी उलटली. बरोबर एकविसाव्या दिवशी परत कुंपणाशी, परत तेच रडगाणं. तेव्हा काल परत गेले.

आणि ऐक, मी या खेपेला पडदा ओढला नाही. सत्तर वर्षांची झाले, पाच मुलं झाली, तुझ्या आजोबांशी एकेचाळीस वर्षं संसार केला, सगळं अंधारात आणि डोळे मिटून. एकदा उजेडात बघू म्हटलं, काय असतं ते. बघितलं. फार वेळ लागत नाही. पण त्याआधी गृहस्थ तिच्याभोवती जे फिरतात, मानेवर मान ठेवतात, आणि पॅन्सी, जिला मी हात लावला तरी लाथ मारते, ती उभी राहते, ते मी पाहिलं आणि माझ्या हातातलं फडकं खाली पडलं. मिस्टर प्रुइटांनी वर बघितलं. खिडकीत मी. त्यांनी टोपी काढली. या वेळी खरंच काढली.

कॉफी घेताना मी त्यांना तुझ्या कोशाचं सांगितलं. शब्द नाही उच्चारला, म्हटलं शिंगावरून येतो तो, तो कुठून आला असेल? ते उठून बाहेर गेले. मला वाटलं, झालं, बाईनं घालवलं स्वतःला. थोड्या वेळानं दारातून हाक आली. मागच्या रानात एक कोवळं झाड होतं, कमरेइतक्या उंचीवर साल पार सोललेलं. मागच्या पानगळीत हरणानं शिंगं घासली होती तिथं. एल्झी प्रुइट म्हणाला, आणि हे तू जसंच्या तसं उतरून घे:

“आकाराचं मला ठाऊक नाही. पण त्या दिवसांत त्याच्या शिंगांत आग असते. खात नाही, बसत नाही, आपलं रान सोडून चालत सुटतं. हे शब्दात कुणी पहिल्यांदा घातलं तो हरणं बघणारा माणूस होता.”

म्हणजे तुझ्या दोन तटांत तिसरा घाल. शिंग दिसतं कसं हे नाही, शिंगाला चैन पडत नाही हे. तुझ्या सरांपेक्षा शहाणा आहे तो, आणि चार खुर्च्याही विणतो.

मी घरी आल्यापासून काहीच धड करत नाही. बटाटे अर्धे सोलून ठेवले. गोधडीचा तोच टाका तीनदा उसवला. काल रेडिओ लावला आणि बाहेर जाऊन बसले. बायकांच्या रकान्याचं विचारतेस. अगं, मी आठवते आहे. आई, मावश्या, सगळ्या आठवून बघितल्या. आठवलं की कळवते.

आजी

•

स्लेट क्रीक
१६ मे

मर्ली,

तुझं उत्तर यायच्या आधीच लिहिते, कारण बसवत नाही.

पॅन्सी बेचैन आहे. आठ तारखेला नेली होती, काल परत नेली. काय करणार, जनावर आहे. एल्झीही म्हणाला, आणत जा. तिला तो थेट अक्रोडाच्या सावलीत बांधतो, पुढ्यात चारा टाकतो, बादलीभर पाणी ठेवतो आणि येऊन माझ्यासमोर बसतो. गृहस्थ हल्ली टेकडीपलीकडच्या रानात असतात. पॅन्सी तिथं अशी रवंथ करते की जणू पाहुणी आलीय.

मी मक्याचा पाव आणि काकवी घेऊन गेले होते. त्यानं मला सालीची बैठक विणायला शिकवलं. साल ओली असताना ओढायची, वाळली की आपोआप घट्ट बसते. त्याच्या हातांना हिकरीचा वास येतो. तो कमी बोलतो म्हणून मी दोघांचं बोलते. त्याला चालतं. काल म्हणाला, तुम्ही गेल्यावर घर कान टवकारून बसतं. आता यावर माणसानं काय म्हणायचं? मी म्हटलं, पॅन्सीला उशीर होतो, आणि निघाले, आणि घरी येऊन लोणी काढायला बसले तर घुसळणीत साय घालायचीच विसरलेली.

लाज वाटते का? रोज सकाळी वाट बघते, अजून आलेली नाही.

तुझी आजी

•

फेयेटव्हिल
२१ मे

प्रिय आजी,

तुझ्या पत्रांनी मला काळजीत टाकलंय. दीड महिन्यात चार खेपा, म्हणजे गाय फळतच नाही. तिच्यात काहीतरी दोष आहे, आणि तू सत्तराव्या वर्षी दर आठवड्याला तिला ओढत दोन मैल चालतेस, ओढ्यातून. वर लिहितेस की खाणंपिणं सुचत नाही, कामं विसरतेस. मला हे आजारपण वाटतं. रागावू नकोस, पण मी आईला कळवलंय. कार्डाचं काही लिहिलं नाही, फक्त गायीचं, आणि कुठल्या तारखांना किती खेपा झाल्या ते. ती डीकन ऑर्व्हलला पत्र घालते आहे, म्हणजे तुझ्यावर कुणीतरी लक्ष ठेवेल. तो तिचा मामेभाऊ, परका नाही.

तुझी,
मर्लीन

•

स्लेट क्रीक
२९ मे

मर्लीन,

ऑर्व्हल काल येऊन गेला. दारातच उभा राहिला, आत ये म्हटलं तरी आला नाही. तुझ्या आईचं पत्र त्याच्या खिशात होतं. त्याला माझ्या खेपा पाठ आहेत. त्याच्या ओसरीवरून उतार दिसतो, आणि आता त्याच्याकडे तारखा आहेत.

चौदा जूनच्या शनिवारी चर्चच्या बैठकीत मला उभं करणार. केलेलं कबूल करून माफी मागितली नाही तर नाव काढून टाकतील. तेरा तारखेला ओर्फा, तुझी आई, येते आहे. ट्रंक भरून ठेव म्हणाली. गायीला गिऱ्हाईक बघितलंय.

ज्या चर्चमध्ये माझा बाप्तिस्मा झाला, लग्न लागलं, तुझ्या आजोबांना जिथून नेलं, तिथून काढून टाकतील. आणि तल्साला मला दुसऱ्या मजल्यावर ठेवतील. तिथं जमीन नाही.

कालच्या दिवशी मी पॅन्सीला नेलं नाही. परवा नेलं होतं.

आजी

•

फेयेटव्हिल
५ जून

आजी, माझी आजी,

मी मूर्ख आहे. इथं दूधवाल्याच्या घरची एक मुलगी माझ्या शेजारच्या खोलीत राहते. तिला सहज विचारलं, गाय आठवड्या-आठवड्याला माजावर येते का? ती हसली. एकवीस दिवसांनी, म्हणाली, घड्याळासारखी. मी तुझी सगळी पत्रं काढली आणि कॅलेंडर घेतलं. सात एप्रिल, अठ्ठावीस एप्रिल. हे दोन बरोबर. त्यानंतर एकोणीस मेला काही नाही. पॅन्सी अठ्ठावीसलाच फळली. ती महिनाभर नुसती फिरायला जाते आहे.

बाकीच्या खेपा कुणाच्या, हे आता मला कळलं. तुझी पत्रं परत वाचली तेव्हा वाटलं, हे प्रत्येक ओळीत लिहिलेलं होतं आणि मी, शब्दांचं काम करणारी, वाचतच नव्हते.

आईला मी सांगितलेलं खोटं ठरवायला गेले तर खरं सांगावं लागेल. तू म्हणशील ते करते. तू बैठकीत म्हण ना, गायीत दोष होता, वैद्य नव्हता, माफ करा. एवढ्यावर ते सोडून देतील. नाव राहील. मग आईला मी बघून घेते.

तुझी,
मर्लीन

•

स्लेट क्रीक
२२ जून, रविवार

माझ्या मर्ली,

गायीत दोष होता असं मी म्हणणार होते. शपथेवर सांगते, चर्चच्या पायऱ्या चढेपर्यंत तेच घोकत होते. तिसऱ्या तारखेला एल्झीकडे शेवटची खेप झाली तेव्हा त्याला बैठकीचं सांगितलं. तो हातातली साल विणत राहिला. माझ्या मनात आलं, अर्व्हिला, तुझी तू बघ.

तर बैठक. ब्रदर कॉय मधे, पुरुष उजवीकडे, बायका डावीकडे, मी पुढच्या बाकावर आणि ओर्फा माझी बाही धरून. लुटी बार्न्स वही घेऊन बसलेली, ती चर्चची कारकून, साठीची, लग्न न झालेली. आमच्यात नियम असा की आरोप मोठ्यानं सांगायचा आणि वहीत लिहायचा, त्याशिवाय मत घेता येत नाही.

ऑर्व्हल उठला. म्हणाला, सिस्टर टॅकेट यांनी स्वतःच्या हातानं गाय नेली. कुठे, ब्रदर कॉयनं विचारलं. प्रुइटकडे. कशाला? आणि तिथं तो थांबला. कारण डावीकडे तीस बायका. त्यानं छताकडे बघितलं. म्हणाला, त्या… त्या कामासाठी. लुटीनं पेन्सिल वर केली, म्हणाली, कुठल्या, ब्रदर हॅच? मला शब्द लागतो. ऑर्व्हलचे कान बिटासारखे झाले. म्हणाला, गायींच्या गृहस्थांकडे. लुटी म्हणाली, गृहस्थ कोण, नाव काय त्यांचं, ते आपले सभासद आहेत का? मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं. ब्रदर कॉयनं प्रयत्न केला. तो म्हणाला, सिस्टर टॅकेट यांनी जे बाईनं बघू नये ते. लुटी म्हणाली, काय ते? तोही बसला. दुसरा डीकन उठलाच नाही. मी मोजत होते, पोरी, पंधरा पुरुष, आणि एकालाही बायकांसमोर माझा गुन्हा बोलता येईना. मला सुटायचं असतं तर मी आणखी दहा मिनिटं गप्प बसले असते तरी पुरलं असतं. आरोपच लिहिला गेला नसता. ओर्फानं माझ्या कानात सांगितलं, आई, गप्प बस, सुटलीस.

आणि मला ते सुटणं नको झालं. माझ्या आईनं माझं तोंड धुतलं, मी ओर्फाचं धुतलं असणार, आणि हे पंधरा जण आपलीच तोंडं धुऊन बसलेत. मी उठले. म्हटलं, लुटी, लिही.

“वळूकडे. मी पॅन्सीला वळूकडे नेलं. सात खेपा केल्या. गायीला गरज दोनदाच होती. उरलेल्या पाच वेळा गरज माझी होती.”

लुटीची पेन्सिल चालत होती. तिनं विचारलं, पाच ना? नीट लिहायचं आहे. मी म्हटलं, पाच. ती म्हणाली, पुढे. मी म्हटलं, मला एल्झी प्रुइट हवा आहे. जेवणाला सोबत म्हणून नाही, लाकडं फोडायला नाही. हवा आहे. त्याच्या हाती साल विणलेली बघितली की मला बसवत नाही. वय सत्तर. हेही लिही.

काढून टाकायला कोण अनुकूल, असं विचारलं तेव्हा पुरुषांचे हात वर गेले, सगळे नाही. मग बायकांचीही मतं हवीत, म्हणून ब्रदर कॉय डावीकडे वळला. तीस बायका, आणि सगळ्यांचे हात मांडीवर. ऑर्व्हलच्या बायकोचेही. त्यानं परत विचारलं. हात मांडीवरच. मग जुलैपर्यंत पुढे ढकललं.

बाहेर ओर्फा माझ्या पुढे पुढे चालत घरी गेली. सोमवारी बसमधे चढताना म्हणाली, ट्रंक मी नेत नाही, पण हे मला पटलंय असं समजू नकोस. मग खाली उतरून माझ्या गालाला गाल लावला आणि परत चढली. बस तिच्यासाठी थांबली होती.

आता तुझं कार्ड. मी सगळ्या बायका आठवून बघितल्या. शब्द नव्हता. सर बरोबर बोलतात तेवढ्यापुरते. पण नव्हता म्हणून ओढही नव्हती हे खोटं. आई सबंध उन्हाळा ओढ्यावर पाणी आणायला जायची आणि घरातल्या घागरी आधीच भरलेल्या असायच्या. मावशी दर आठवड्याला दुसऱ्या डोंगरावर उसनं मीठ मागायला जायची. आम्ही बोलत नव्हतो, चालत होतो. हे रकान्यात मावत असेल तर लिही, खाली माझं पूर्ण नाव घाल, अर्व्हिला जेन टॅकेट, स्लेट क्रीक, आणि सरांना सांग की ही बाई अजून जिवंत आहे, शंका असल्यास विचारावं.

एवढं सगळं लिहून मी तुला एक गोष्ट सांगितली नाही. बैठक झाली तेव्हा एल्झी तिथं नव्हता. तो सभासद नाही. मी सगळ्या डोंगरासमोर त्याला मागितलं आणि त्याला विचारलंच नव्हतं. डोंगरात बातमी तासाभरात पोचते. शनिवार गेला, रविवार गेला. सोमवारी ओर्फा गेली. मंगळवारी मी दावं हातात घेतलं आणि परत खुंटीला अडकवलं, कारण आता गायीचं निमित्त उरलं नव्हतं, आणि निमित्त नसताना कसं जायचं हे मला येत नव्हतं. बुधवार, गुरुवार. घरात उभी राहिले तर बसावंसं वाटे, बसले तर उठावंसं. शुक्रवारी वाटलं, सत्तर वर्षांच्या बाईनं हसं करून घेतलं. काल अंगण तीनदा झाडलं.

इथवर लिहून झालं आणि आत्ता कुत्रं भुंकलं. मी खिडकीतून बघितलं तर उतारावरून एल्झी येत होता. पायी. गुडघ्यापर्यंत भिजलेला, ओढ्याला पाणी चढलंय. शर्ट धुतलेला. सोबत कुठलंही जनावर नाही. पायरीपाशी उभा राहिला, टोपी काढली, आणि बराच वेळ ती हातात फिरवत राहिला. मग म्हणाला:

“मी वळू पाळणारा माणूस. पॅन्सी माजावर नाही हे मला मेच्या पहिल्या खेपेलाच कळलं होतं. आता ती फळलीय, फेब्रुवारीत व्यायेपर्यंत काही यायची नाही. मला तेवढं थांबवेना.”

पेन्सिल इथंच ठेवते. तो अजून पायरीवरच उभा आहे, आत ये म्हणायला हवं.

आजी